एकसष्ट अंश

धाकट्याला मिळणार होता बारा टक्के जादा वेग, तोही फुकटात. संगणक ताईचा, घरांचे नकाशे काढायचा. "हात लावून तर बघ," असं तिने बजावलं होतं. म्हणून दुपारी ती तिथल्याच कोचावर आडवी झाल्यावर त्याने प्रोसेसरचा वेग वाढवायला घेतला.

नवशिक्यांचा नियम सोपा असतो. वेगाची एक पायरी चढायची, दहा मिनिटं यंत्राला राबवायचं आणि तापमान बघायचं. पहिल्या पायरीला एकसष्ट अंश भरले. दुसऱ्या पायरीलाही एकसष्टच. यंत्र भलतंच थंड डोक्याचं निघालं, म्हणून धाकटा खूश!

"खिडकी उघड रे," ताई झोपेतच पुटपुटली. "किती उकडतंय!"

तिसऱ्या, बारा टक्क्यांच्या पायरीला तिचे गाल लालबुंद झाले. त्याने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पडद्यावर एकसष्टच होते. चाचणी संपायला चार मिनिटं उरली होती.

ती चार मिनिटं त्याने पुरी होऊ दिली.

मग मात्र त्याने सगळं पूर्ववत केलं, संगणक बंद केला, वायरसुद्धा उपसली. आतल्या पंख्याची घरघर काही थांबेना. तो वाकून ऐकू लागला. ती ताईच्या छातीतून येत होती.

ताईने डोळे उघडले. "झालं का रे तुझ्या मनासारखं?"

"झालं," तो खाली मान घालून म्हणाला.

वेग त्याला दहा मिनिटं मिळाला होता. ताप ताईच्या अंगात अजून चढतच होता.