वाटीभर पाणी

शर्टाचं वरचं बटण. चहाचा कप. बँकेत जुळणारी सही.

मानेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर नस अशक्त राहिली आणि उजव्या हाताला यातलं काहीच जमेना. फिजिओथेरपीच्या वैदेही मॅडम म्हणाल्या, "रोज ओला टॉवेल वाटीवर पिळा. वाटीतलं पाणी वाढत गेलं, की समजा ताकद येतेय."

अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. मी काय दुसऱ्याचा टॉवेल पिळणार? रोज आपलाच, नवा कोरा, ऐटीत पिळायचो. दोन महिने झाले तरी वाटीचा तळ झाकेना. मॅडमचा चेहरा उतरला. "सर्जनना परत दाखवू या," म्हणाल्या. पुन्हा मान उघडतील या धास्तीनं मी दिवसातून दोनदा पिळू लागलो.

शेवटी बायकोनं, नीलम्मानं, टॉवेल माझ्या हातातून ओढून घेतला. घरातल्या जाड चादरी तीच पिळते. तिनं दात-ओठ खाऊन पिळला. चार थेंब पडले.

"अवो, सकाळी शर्टाचं बटन कुणी लावलं? हात बरा हाय तुमचा. ह्यो टावेलच पाणी पीत न्हाय की!"

तिनं न्हाणीघरातला टॉवेल भिजवून माझ्या हातात दिला. मी पिळला आणि वाटी भरून वाहिली. आनंदानं ओरडलो, आणि सवयीनं त्याचं लेबल बघायला गेलो.



आमच्या न्हाणीघरातले टॉवेल नीलम्मा गेली वीस वर्षं समोरच्या कारखान्यातून आणते.