अध्यक्षांची खुर्ची

कायदेमंडळात बोलायला मुंबईला निघण्यापूर्वी वकीलसाहेब आपलं भाषण घरी करून बघत, आणि अध्यक्ष म्हणून समोरच्या खुर्चीत बसायची ती त्यांची बीए झालेली बायको, गिरिजा. बाळ झाल्यावर मात्र ते म्हणाले, “तू आता लेकराकडं बघ की.” आज त्या खुर्चीत कन्याशाळेच्या तरुण मास्तरीणबाई होत्या. गिरिजा दाराआड बाळाला थोपटत होती. आतून “अध्यक्षमहाराज” ऐकू आलं, पाठोपाठ बाईंचं हसू, आणि तिच्या अंगाची लाही झाली. “सोलापूरच्या गिरणीतल्या कुठल्याही आईला मुलापायी काम सोडावं लागू नये!” वकीलसाहेब गरजले. “हरकतीचा मुद्दा!” गिरिजा दारातून कडाडली. हरकत आली की बोलणाऱ्यानं खाली बसायचं, हा सभागृहाचा नियम. सवयीनं वकीलसाहेब चटकन बसले. तिनं पेंगुळलेलं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. “बाई, उठा की जरा,” ती म्हणाली, “अध्यक्ष आलेत.”