कचेरीतली अरबी

"वाचताना वाटतं, कोणीतरी मला पाव विकतंय," यामिनीच्या गाइड डॉ. हनान म्हणाल्या आणि त्यांनी तिचा निबंध परत केला.

त्यांचं चुकत नव्हतं. यामिनी कॅनडात विनिपेगला जुन्या अरबी हस्तलिखितांवर पीएचडी करत होती, पण तिची अरबी घडली होती एका सीरियन बेकरीच्या काउंटरवर. तिथं ती पार्ट-टाइम काम करायची. व्याकरण बरोबर, सूर गप्पांचा. विद्वान असं लिहीत नाहीत, असं डॉ. हनाननी स्वच्छ सांगितलं. सोमवारपर्यंत निबंध सुधारला नाही, तर प्रबंध अरबीत लिहायची तिची परवानगी जाणार होती.

घरी बेसमेंटमध्ये तिचे वडील, सुधाकरराव, ब्लँकेट गुंडाळून बसले होते. साताऱ्याच्या तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि मुलीला भेटायला आले होते. दारापुढचा बर्फ शोव्हल करून झाला, की त्यांना दिवसभर काही काम नसायचं. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून हिनं अरबी का घेतली, हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

शनिवारी ती विद्वानांच्या शब्दांची यादी मोठ्यानं पाठ करत होती. सबब. तफसील. मुसव्वदा. मजकूर.

सुधाकररावांनी कप खाली ठेवला.

"सबब, तपशील, मसुदा," ते म्हणाले. "आणि मजकूर म्हणजे वर उल्लेख केलेला. मजकूर इसम. अगं, हे मी रोज लिहायचो."

मग दोघं कामालाच बसले. यामिनी आपलं एकेक वाक्य मराठीत सांगायची, बाबा ते कचेरीच्या भाषेत करून द्यायचे, ती ते पुन्हा अरबीत न्यायची. 'मला वाटतं' गेलं, 'असे दिसून येते' आलं. 'म्हणून'च्या जागी 'सबब'. पुरावा आधी मांड, स्वतःला मागं ठेव, असं ते सांगत राहिले. रविवारचं जेवण संध्याकाळी पाच वाजता झालं.

सोमवारी डॉ. हनाननी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला. हे कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. यामिनीनं जरा ओशाळत खरं ते सांगितलं. वडील कचेरीत कारकून होते, अरबीचं एक अक्षरही त्यांना येत नाही, पण त्यांच्या कचेरीच्या मराठीत अरबी शब्दच फार.



"माझे वडीलही कारकून होते. सीरियात, होम्सला, जमीन नोंदणीच्या कचेरीत," डॉ. हनान म्हणाल्या. "घरीसुद्धा असंच बोलायचे. आम्ही भावंडं त्यांना हसायचो."

निबंधावर सही करून त्यांनी तो पुढे सरकवला, पण हात त्यावरच राहिला. वडिलांना एकदा घरी चहाला आणशील का, असं त्यांनी विचारलं. यामिनी म्हणाली, की त्यांना मराठीशिवाय काही बोलता येत नाही.

"मराठीतच बोलू देत," डॉ. हनान म्हणाल्या. "मधूनमधून मला माझे वडील ऐकू येतील."