काटा हलला

गावाच्या पिण्याच्या बोअरवर दाबमापक बसवला होता आणि अख्खं गाव त्याच्या काट्याकडे बघत होतं. टेकडीपलीकडचा नवा कारखाना सांडपाणी खोल खडकात सोडणार होता. त्यासाठी खणलेल्या विहिरीत आज दाबाचे धक्के देऊन बघणार होते. इथला काटा हलला नाही, तर खडक धड आणि घरटी एक नोकरी. हलला, तर मधे भेग. मग कारखान्याचं पाणी बोअरमध्ये येणार, म्हणून कारखानाच रद्द.

तपासणीला आलेल्या इंजिनिअरच्या फोनवर आवाज आला, "धक्का दिला."

काटा हलला.

"बेडूक असेल," सरपंच हौसाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"एवढा ताकदवान?"

"आमच्याकडचे खाऊन-पिऊन दणकट असतात, साहेब."

"नाहीतर ट्रक गेला असंल," मागून कोणीतरी म्हणालं. ट्रक यायला आधी रस्ता लागतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

इंजिनिअरने दुसरा धक्का द्यायला सांगितलं. काटा पुन्हा तेवढाच हलला. या वेळी बेडकाचं नाव कोणी काढलं नाही.

हौसाबाईंचा मुलगा पुढे आला. नोकरीसाठी त्याने सकाळीच केस कापून घेतले होते.

"आई, मी बोअरची मोटार चालू केली होती म्हणून सांगू?"

"तपासणीसाठी लाईट त्यांनीच घालवलीय, राजा." त्याच्या मानेवरचे बारीक केस झटकत त्या इंजिनिअरकडे वळल्या. "भेग आहे म्हणून कळवा, साहेब. आम्हाला हेच पाणी प्यायचंय."