पाठ टेकल्यावर

आईचं गंठण हिसकावून चोरटा पळाला, तो थेट समोरून येणाऱ्या लेकीच्या अंगावर. तिनं भाजीची पिशवी टाकली आणि खाली वाकून त्याचे दोन्ही पाय उचलले. तो धाडकन उताणा पडला. पाठ टेकली, कुस्ती निकाली! आखाड्यातल्या सवयीनं तिनं त्याला सोडलं, वर उठायला हातही दिला.

तो हात झटकून पुन्हा पळाला.

"सोडलंस कशाला गं?" आई ओरडली. हीच आई रोज म्हणायची, "पोरीला कशाला हवी कुस्ती?"

लेकीनं त्याला पुन्हा गाठलं, मागून मिठी घालून आडवा केला आणि पाठीवर बसली. धापा टाकत आई आली. तिनं गंठण ओढून घेतलं, पदर खोचला आणि त्याच्या पायांवर बसकण मारली.

"पोलीस येईस्तोवर मी हलत नाही," ती म्हणाली. "तोवर मघाचा डाव शिकव की मला."