डस्टीची दुखणी

“तसं ठीकच आहे,” मर्व्ह पास्को म्हणाला. पाय ओढत आला होता, तसाच पाय ओढत सॉसेजच्या तव्याकडे गेला.

आमदार लॉयल ट्रेंगोवने डोळे मिटून घेतले. सकाळपासून तो बेकरीसमोर घडीचं टेबल मांडून बसला होता, बाजूला गावाला फुकट सॉसेज वाढायचा तवा. मागे कापडी फलकावर त्याचाच हसरा चेहरा आणि खाली ‘बोला, मी ऐकतोय’. शेजारच्या खुर्चीवर डॉक्टर लिटिया नवुला. बाई मूळच्या फिजीच्या, नोकरी ॲडलेडच्या इस्पितळात. पिन्नारी गावात तीन वर्षं डॉक्टर नव्हता. लॉयलने मंत्र्याच्या दारात जोडे झिजवले, तेव्हा कुठे मंत्री म्हणाला, “डॉक्टर तू शोध, पगार मी देतो.” या बाई एक दिवस गाव बघायला तयार झाल्या होत्या. समुद्रकाठच्या एका गावानेही त्यांना बोलावलं होतं. कुठे जायचं ते त्या आज ठरवणार होत्या.

लॉयलचा अंदाज होता की गाव येऊन रडेल. गाव येऊन सॉसेज खात होतं.

मेंढ्या पाळणारी माणसं ही. स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणं म्हणजे त्यांना चारचौघांत विजार सोडण्यासारखं वाटतं. यंत्रात हात गेला तरी ‘जरा खरचटलं’ म्हणतील.

“खोकला कसला, हेझल?” लॉयलने शाळेच्या माजी बाईंना आशेने विचारलं.

“धूळ.”

“गेल्या हिवाळ्यापासून?”

“लांबलीय जरा धूळ. तुला काय करायचंय? कांदा वाढ.”

डॉक्टरबाईंनी पर्स उचलली. “आमदारसाहेब, ही माणसं आजारी आहेत, ते मला दिसतंय. पण जी मला सांगणारच नाहीत, त्यांच्यासाठी इथे बसून मी करू काय? समुद्राकडचे लोक निदान कण्हतात तरी.”

तेवढ्यात मर्व्ह परत आला. या वेळी हातात दोरी होती आणि दोरीला डस्टी. मेंढ्या वळणारा तांबूस कुत्रा, शेपूट पंख्यासारखी फिरतेय.

“डॉक्टरीणबाई, जाता जाता एक विचारू? या डस्टीचं.”

“मी माणसांची डॉक्टर आहे हो.”

“ते झालंच. पण विचारायला काय जातं?” मर्व्हने इकडेतिकडे पाहिलं. “चढ लागला की याच्या छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. मग डाव्या खांद्यातून कळ निघते, ती थेट बोटांपर्यंत. आजही आली.”

“कुत्र्याच्या बोटांपर्यंत?” लॉयलने तोंड उघडलं. टेबलाखाली डॉक्टरबाईंचा बूट त्याच्या बुटावर पडला. त्याने तोंड मिटलं.

“झोप लागते का त्याला?” बाईंनी विचारलं.

“दोन उशा घेतल्या तर.”

बाईंनी पर्स खाली ठेवून स्टेथोस्कोप काढला. आधी रीतसर डस्टीची छाती ऐकली. मग म्हणाल्या, “आता तुमची ऐकते. घरात एकाला असलं की दुसऱ्यालाही असू शकतं.” ही छाती त्यांनी बराच वेळ ऐकली. “डस्टीला आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात न्यायला हवं.”

“रुग्णवाहिका कुत्र्याला घेते?”

“मालक आत झोपला असेल तर घेते.”

गावची रुग्णवाहिका बेकरीवालाच चालवायचा. त्याने ॲप्रन काढला.

“वाचेल ना?” आत चढवताना मर्व्हने विचारलं.

“आज निघालाय म्हणून वाचेल.”

मर्व्हने मोठ्ठा श्वास सोडला. “बरं झालं बाई. गुणी आहे हो फार,” असं म्हणत त्याने दोरी हेझलच्या हातात दिली.

हेझलने दोरीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि टेबलाशी आली. “हा खोकतोही,” ती म्हणाली.

त्यानंतर डस्टीला उसंत मिळाली नाही. खाणावळवाल्याच्या हाती दोरी गेली तेव्हा त्याचा अंगठा ठणकत होता आणि बियर बंद करायची त्याची तयारी नव्हती. लोकर कातरणाऱ्या डेझच्या हाती गेली तेव्हा त्याला बायको गेल्यापासून जेवण जात नव्हतं. डस्टी नर होता, पण पोस्टातल्या ग्लेनिसने दोरी धरली तेव्हा त्याच्या अंगातून गरम वाफा निघत होत्या. कुणी हसलं नाही. प्रत्येक जण खाली वाकून त्याच्या डोक्यावर हात फिरवायचा आणि हलका होऊन घरी जायचा. डस्टीने मात्र दिवसभरात अकरा सॉसेज खाल्ले. तेवढं एक दुखणं त्याचं स्वतःचं.

उन्हं कलली. बेकरीवाल्याचा इस्पितळातून फोन आला. मर्व्हला वेळेवर आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी खुर्चीत पाठ टेकली. “आमच्या बेटावर दुखणं नेहमी चुलतभावाला होतं,” त्या म्हणाल्या. “शहरात माणसं तोंडावर सगळं सांगतात. इतकी वर्षं झाली, मला तिथे करमतच नाही. मंत्र्यांना कळवून टाका. मी येते.”

लॉयलने मान डोलावली. त्याने फलक गुंडाळला, तवा पुसला. रस्त्यावर आता चिटपाखरू नव्हतं. तरी त्याने दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. मग टेबलाच्या पायाला बांधलेली दोरी सोडली आणि वळसा घालून समोरच्या खुर्चीत येऊन बसला.

“डॉक्टरीणबाई,” तो हळूच म्हणाला, “विधानसभेत बोलायला उठला ना, की याला गरगरतं.”