टायरवरच्या तारखा

आमच्या मालकांचं चार सीटचं विमान सोलापूरबाहेरच्या शेडमध्ये महिनाभर नुसतं उभं होतं, तरी डाव्या चाकाच्या कोऱ्या टायरला भेग पडली. मी त्या विमानाचा मेकॅनिक. रोज सकाळी भेगेच्या टोकाशी पिवळ्या खडूने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, म्हणजे ती किती वाढली ते कळतं. ऊन लागत नव्हतं, हवा बरोबर होती, पण भेग रोज कालची रेघ ओलांडायची.

वॉचमन सिदूचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. तो वाकून म्हणाला, "अमरेशसायेब, ही चालून चालून पडलीया. टाचंला पडती तशी. मेण लावू का?"

"जागचं हललं नाही ते विमान, चालतंय कुठलं? उद्या मालक लेकीला घेऊन उडणार आहेत. हात लावू नकोस," मी खेकसलो.

दुपारी जेवून आलो तर टायर गुळगुळीत. भेग नव्हती, खडूही नव्हता.

"बिरोबाची आन, म्या शिवलो न्हाय," सिदू दोन पावलं मागं सरकला.

संध्याकाळी कुंभारीला घरी आलो, ओट्यावर बसून बूट काढले. डाव्या टाचेतून एक भेग घोट्याकडे चढत होती. तिच्यावर जागोजागी पिवळ्या रेघा होत्या आणि शेजारी माझ्याच अक्षरात तारखा. शेवटची आजची.

बायको राजेश्वरी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडे बघत थांबली.

"अहो, गळ्यापाशी ही उद्याची तारीख कशाला लिहिलीय?"